आत्याबाईंच्या दोन रेघा

वर्कशॉपमधल्या लेथला घरातले सगळे आत्याबाई म्हणत. आजोबांनी मशीन आणलं तेव्हाच ते जुनं होतं, आणि नाव तेव्हापासूनचं. वयाने मोठ्या, अंगाने भारदस्त, सगळ्यांच्या आधी घरात येऊन बसलेल्या आणि मनाविरुद्ध काही झालं की गुरगुरणाऱ्या. त्यांना दुसरं काय म्हणणार? वेळेवर तेल मिळालं की खूश असत. नाही मिळालं तर शेजारच्या सुतारालासुद्धा कळे.

आत्याबाईंचा एक दोष मात्र होता. त्या थापा मारत. थाप कशी, तर अशी. लेथवर लोखंडाची कांब गरगर फिरते आणि तिला टूल लावून ती सोलून काढायची असते. टूल किती आत सारायचं ते एका हँडलवर ठरतं. हँडलच्या गळ्यात एक कडं असतं, त्यावर बारीक रेघा. एक रेघ फिरवली की कांब वीस मायक्रॉनने बारीक व्हायला हवी. ज्यांचा मायक्रॉनशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, डोक्यावरचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. तर आत्याबाईंना दहा रेघा द्याव्यात, त्या आठच लागू करणार. मधल्या दोन खाऊन टाकणार. आतला स्क्रू वर्षानुवर्षं एकाच जागी फिरून झिजला होता, त्याचा हा परिणाम. पण झिजला होता तोही सगळीकडे नाही. तीस ते पन्नास मिलिमीटर जाडीच्या कामात दोन रेघा खायच्या, आणि त्याहून बारीक काम लावलं की एकदम साध्वी. एक रेघ इकडची तिकडे होत नसे.

हे सगळं गणित एकाच माणसाच्या मनगटात होतं. ते म्हणजे त्या आजोबांचे चिरंजीव, मास्तर. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि बायकोही चिडली की मास्तरच म्हणे. त्यांची पद्धत ठरलेली. शेवटच्या कटाला बरोबर दहा रेघा शिल्लक ठेवायच्या, कमी नाही, जास्त नाही. दहा फिरवायच्या, काम किती जाड आहे ते बघून वर दोन द्यायच्या किंवा नाही द्यायच्या, आणि कट घ्यायचा. त्यांचं माप चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

धाकटी ही मास्तरांची दुसरी मुलगी. वय चौतीस, पण थोरली लग्न होऊन गेली तरी हिचं ‘धाकटी’ काही सुटलं नाही. आधी ती एका मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू दिवसभर मोजायच्या आणि बरोबर की चूक ते लिहायचं. दहा वर्षं मोजून मोजून तिचा जीव विटला. आपण काहीतरी करावं आणि दुसऱ्या कुणीतरी ते मोजावं असं तिला वाटायला लागलं, आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती घरच्या वर्कशॉपमध्ये आली. जागा तिला नवी नव्हती. शाळेत असताना दप्तर टाकून ती आत्याबाईंच्या शेजारीच अभ्यासाला बसायची. अभ्यास किती व्हायचा ते प्रगतिपुस्तकात दिसायचं.

मास्तरांनी तिला सगळं शिकवलं. टूलला धार लावणं, काम मध्यावर धरणं, आटे पाडणं. फक्त शेवटच्या दहा रेघा आल्या की ते तिच्या खांद्याला हळूच हात लावत आणि म्हणत, “सरक जरा.” ती सरके. दोन वर्षांत तिने शेकडो कामं शेवटापर्यंत आणली आणि एकही पूर्ण केलं नाही. हे तिला फार लागत होतं. पण ते ‘सरक जरा’ इतक्या मायेने म्हटलेलं असे, की त्यावरून भांडण काढलं असतं तर तीच वाईट ठरली असती.

मग गेल्या महिन्यात मास्तरांनी पराक्रम केला. लेथचा चक, म्हणजे काम धरून ठेवणारा लोखंडी जबडा, बदलायचा होता. दोघांनी उचलायची वस्तू. धाकटी बाहेर गेली होती, अर्ध्या तासात येणार होती. अडुसष्टाव्या वर्षीही मास्तरांना अर्धा तास धीर निघाला नाही. त्यांनी चक एकट्याने उचलला आणि उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, तीन महिने कुठल्याही हँडलला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरचीही फार आशा धरू नका. मास्तर काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावरही बोलले नाहीत, आणि आई त्या दुखण्यापेक्षा त्या गप्पपणाला जास्त घाबरली.

पुढच्या शनिवारी पंपवाला आला. हा गावभरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि वर्कशॉपचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. त्याने पोत्यातून पंपांचे तीन शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, काढून टेबलावर ठेवले. झिजलेले होते, वेल्डिंगने भरून आणलेले. बेअरिंग बसतं तेवढी जागा पुन्हा मापात आणायची होती. पस्तीस मिलिमीटर, वर दहा मायक्रॉनपर्यंत चाललं असतं, खाली अजिबात नाही. पंपवाल्याने गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“मास्तर, तुम्हाला सोडून जायची माझी इच्छा नाही,” तो म्हणाला. “पण बैठक सैल झाली तर आठवड्यात पंप बंद पडतो. लोकांच्या घरी पाणी येत नाही, आणि ते शिव्या मला घालतात, तुम्हाला नाही. आजपर्यंत तुमचा हात होता म्हणून मी मोजूनसुद्धा बघितलं नाही कधी. हे तीन ठेवतो. शुक्रवारी येईन. ताईंना जमलं तर पुढेही सगळं इथेच. नाही जमलं तर मला दुसरीकडे बघावं लागेल. राग मानू नका.”

राग मानण्यासारखं तो काही बोलला नव्हता, हीच तर पंचाईत होती. तो गेल्यावर धाकटीला पुढचं सगळं लख्ख दिसलं. पंपवाला गेला की वर्कशॉपला कुलूप, आणि कुलूप लागलं की ती पुन्हा तपासणी खात्यात, दुसऱ्यांच्या वस्तू मोजत.

“बाबा, त्या दोन रेघा नेमक्या कुठे द्यायच्या आणि कुठे नाही, ते मला आता नीट सांगा,” ती म्हणाली.

“ते सांगण्यासारखं नाही गं. हाताला कळतं.”

“मग माझ्या हाताला कधी कळणार?”

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, सुताराची भिंत होती.

त्याच संध्याकाळी धाकटीने डिजिटल रीडआउट मागवलं. कारखान्यातल्या जुन्या मशीनांना तिने ते बसवलेलं पाहिलं होतं. मशीनच्या सरकत्या भागाला एक स्केल लावायची, तिच्यावरून एक लहानसा रीडर फिरतो, आणि टूल कुठे आहे ते समोरच्या पेटीवर आकड्यांत उमटतं. स्क्रू किती फिरला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आत्याबाई काय सांगतात ते न ऐकता प्रत्यक्षात काय करतात ते बघणारी पेटी. आता मास्तर नाक मुरडतील, नाही नाही ते बोलतील, याची तिने मनात तयारी करून ठेवली होती. मास्तर म्हणाले, “लाव.” एवढंच. तयारी फुकट गेली आणि तिला उलट वाईट वाटलं.

सोमवारी पेटी आली. बरोबरच्या कागदावर लेथचं चित्र होतं, त्या लेथला छान सपाट पाठ होती. आत्याबाईंची पाठ सपाट कुठून असणार? ओतीव बिडाची, उंचसखल, वर रंगाचे चार थर. स्केल तर सरकण्याच्या दिशेला अगदी समांतर बसायला हवी, नाहीतर पेटीही थापा मारायला लागणार. म्हणजे ब्रॅकेट घरीच करायला हवे. इथे मास्तरांच्या अंगात आलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि जीभ दातांत पकडून चित्र काढलं.

“हे काय आहे?” धाकटीने विचारलं.

“ब्रॅकेट.”

“कोंबडी वाटते.”

“भोकं बरोबर जागी आहेत ना? मग कोंबडी तर कोंबडी.”

कोंबडी खरंच बरोबर होती. धाकटीने ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून ती कापली, कानशीने कडा मोडल्या, आणि मग आत्याबाईंच्या अंगाला पहिलं भोक पाडायची वेळ आली. ड्रिल टेकवणार तोच मास्तर म्हणाले, “थांब.” ते पलीकडच्या बाजूला गेले, डावा तळहात मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “हं, आता कर.” भोकातून जुन्या बिडाचा काळा, मऊ भुगा आला. मास्तरांनी तो बोटांत चोळून बघितला. “आतून अजून चांगल्या आहेत,” ते समाधानाने म्हणाले.

सोमवार आणि मंगळवार असे गेले, आणि खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांतले ते सगळ्यात मजेचे दोन दिवस होते. धाकटीने वाकडेपणा दाखवणारं काट्याचं डायल लावून स्केल इंचाइंचाने सरळ केली. एक टोक जरासं खाली राहत होतं, तेव्हा मास्तरांनी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याखाली घालायला दिला, आणि काटा जागच्या जागी उभा राहिला. लोखंडाचा कीस स्केलवर पडू नये म्हणून पत्र्याचं आवरण केलं. वायरी कुठून न्यायच्या यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी धाकटीचं खरं ठरलं. दोघं जेवायलाही उशिरा जात होती. काम करताना मास्तर खांदा विसरत, आणि मग एकदम तो हलवून बसत आणि डोळे मिटत.

पेटी सुरू झाली तेव्हा आई बघायला आली. आईचं शिवणकाम होतं आणि लेथशी तिचं नातं एवढंच, की दोघांच्या कपड्यांवरचे तेलाचे डाग तिला धुवावे लागत. हिरव्या आकड्यांकडे तिने थोडा वेळ पाहिलं.

“किती वाजले म्हणते ही?”

“आई, घड्याळ नाही ते. कांबेची जाडी दाखवतं.”

“मग एवढे शून्य कशाला?” आई म्हणाली आणि आपल्या कामाला निघून गेली.

बुधवारी सकाळी चाचणी. धाकटीने पस्तीस मिलिमीटरच्या मापासाठी एक टाकाऊ तुकडा लावला. त्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून तो आकडा पेटीत भरला, टूल आत घेत घेत नेमकं पस्तीस पूर्णावर आणलं, आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे नजर टूलच्या टोकावर ठेवून कट घेतला. मशीन थांबवलं, टूल मागे घेतलं, मोजलं. चौतीस पूर्णांक शहाण्णव. चाळीस मायक्रॉनने खाली. शाफ्ट असता तर भंगारात गेला असता.

दुसरा तुकडा लावला. चौतीस शहाण्णव. तिसरा लावला. चौतीस शहाण्णव. तिने वैतागून वीस मिलिमीटरची बारीक कांब लावली, तर ती वीस म्हणजे वीस आली.

तपासणी खात्याने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. चूक दर वेळी वेगळी येत असेल तर माणसाचा हात वाईट, आणि दर वेळी तीच येत असेल तर यंत्र वाईट. तेव्हा चुकत होतं ते यंत्रच. तिने सगळं पुन्हा सोडलं. कोंबडी काढली, स्केल काढली, पत्रा साफ केला, परत बसवलं. काट्याचं डायल लावून पेटीचा प्रत्येक आकडा तपासला. पेटी अगदी बरोबर होती. गुरुवारी सकाळी नवा तुकडा लावला. चौतीस शहाण्णव.

मास्तर स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. पेटीकडे ते एकदाही बघत नव्हते, तो त्यांचा मानाचा प्रश्न होता. त्यांची नजर टूलच्या टोकावर असायची, पन्नास वर्षं होती तिथेच. धाकटीची नजरही तिथेच. मायक्रोमीटर खाली ठेवून ती एकदम म्हणाली, “मला नाही जमत, बाबा.”

“असं कसं म्हणतेस.”

“असंच म्हणते. उद्या तो येणार आहे. यंत्र बरोबर आहे, पेटी बरोबर आहे, मग माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही सरक म्हणत होता ते काही उगाच नव्हतं.”

मास्तरांचा चेहरा पडला. तिने पुढचा तुकडा लावला, कारण हात रिकामे ठेवले तर रडू येईल अशी तिला भीती वाटली.

एवढ्यात आई डबा घेऊन दारात आली. कट चालू असताना आत येऊन बोलायचं नाही हा वर्कशॉपचा नियम तिला ठाऊक होता, म्हणून ती चौकटीला टेकून उभी राहिली. आता लेथचं काम शिकलेलं माणूस कट घेताना टूलकडे बघतं. आईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ती आपल्या मुलीच्या हाताकडे बघत होती, कारण परवा कानशीने त्या हाताचं बोट कापलं होतं आणि पट्टी नीट आहे की नाही हे तिला बघायचं होतं.

कट संपला. धाकटीने मोजलं आणि मायक्रोमीटर न वाचताच ठेवून दिला.

“काय गं, आकडा आला होता की पस्तीस,” आई म्हणाली. “मग वर परत हात कशाला मारलास?”

“कसला हात?”

“तो काय. आकड्यावर थांबलीस, तिकडे बघायला लागलीस, आणि हळूच हँडलला एक दिलीस. नळ बंद करताना देतेस ना, तशी. तू आणि हे. आपल्या घरातला एक नळ तुम्ही दोघांनी धड ठेवलेला नाही. बंद झाला तरी वर एक द्यायचीच.”

“मी काही दिलेलं नाही.”

“बरं, नाही दिलं. माझे डोळे गेले.”

मास्तर स्टुलावरून उठले. दोन दिवस ज्या पेटीकडे पाहिलं नव्हतं तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पुन्हा कर. मी बघतो.” धाकटीने नवा तुकडा लावला, आकड्यावर आली, आणि सवयीप्रमाणे टूलकडे नजर वळवली. पेटीवरचा पस्तीस पूर्ण हा आकडा मास्तरांच्या डोळ्यांसमोर हलला आणि चौतीस शहाण्णव झाला. तिला काहीही कळलं नव्हतं. तिचा हात हँडलवर शांत होता.

मास्तरांनी आईच्या डब्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि पेटीवर टाकलं. “आता हिला विसर. कड्यावरच्या रेघांवर कर, नेहमीसारखं. दहा शिल्लक ठेव आणि शेवटचा कट तू घे.”

“आणि दोन रेघा?”

“मी काहीही सांगणार नाही. टूलकडे बघ.”

दोन वर्षांत ती या ठिकाणी कधी पोचलीच नव्हती. तिने दहा रेघा मोजल्या, नजर टूलवर नेली, कट घेतला, मोजलं. आकडा तिने दोनदा वाचला आणि मग मायक्रोमीटर मास्तरांच्या डाव्या हातात दिला, कारण स्वतःच्या वाचण्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. पस्तीस पूर्ण, वर पाच मायक्रॉन.

“बारीक कांब लाव,” मास्तर म्हणाले. “वीसची. आणि अगं, तू इकडे ये,” हे आईला. “तिचा हात बघ.”

आई फडक्याविना डबा धरून जवळ येऊन उभी राहिली. धाकटीने दहा रेघा फिरवल्या, कट घेतला.

“दिली का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. नुसता ठेवला होता हात.”

कांब वीस आली. मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसले. शाळेचं दप्तर टाकून मशीनशेजारी बसलेल्या त्या मुलीने अभ्यास सोडून काय काय बघितलं होतं ते आता त्यांच्या लक्षात येत होतं. दोन रेघा द्यायच्या तिथे तिचा हात देत होता. जिथे द्यायच्या नाहीत तिथे देत नव्हता. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, तिने कधी विचारलं नव्हतं, आणि दोघांनाही न कळता सगळं झालं होतं. पेटी खरं बोलायला लागली तेव्हाच ते उघडं पडलं, कारण आता त्या दोन रेघांची गरज नव्हती आणि हात त्या द्यायचा थांबत नव्हता.

“तुला सरक म्हणायचो ना,” मास्तर म्हणाले, “ते तुला येत नाही म्हणून नव्हतं. माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं. तेही देऊन टाकलं तर इथे बसून मी करू काय, असं वाटायचं. आता सांगायला लाज वाटते.”

“कशाला लाज. दिलंतच की सगळं.”

“दिलं कुठे? तू नेलंस. आणि मला बरं वाटतंय, हे बघ. वाईट वाटेल अशी भीती होती, पण नाही वाटत.”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि धाकटीचेही. आईने फडकं पेटीवरून उचललं, झटकलं, त्याला लागलेलं तेल पाहून कपाळाला हात लावला, आणि दोघांना जेवायला बसवलं.

शुक्रवारी सकाळी धाकटीने पहिला शाफ्ट लावला तेव्हा मास्तर स्टुलावर बसलेच नाहीत. “मी जरा सुताराकडे बसतो,” म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी कामाच्या वेळेत सुताराचा उंबरा ओलांडला नव्हता. “शाफ्ट बघणार नाही?” तिने विचारलं. “तू बघ की,” ते म्हणाले आणि चालू लागले. तिने पेटीवर काम केलं. आकडा आला की उजवा हात हँडलवरून काढायचा आणि पाठीमागे न्यायचा, वर्गात उभं केलेल्या मुलासारखा. पहिला शाफ्ट पस्तीस, वर सहा. दुसरा वर पाच. तिसऱ्याच्या वेळी हात दोनदा हँडलकडे गेला आणि तिने दोनदा परत आणला. तो वर सात आला. तिने तिन्ही पुसून ओळीने ठेवले, हात धुतले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिली.

पंपवाला दुपारी आला. मास्तर त्याच्या मागोमाग सुताराकडून परतले, अंगावर लाकडाचा भुसा. पंपवाल्याने या वेळी मायक्रोमीटर आणला होता. तिन्ही शाफ्ट त्याने मोजले, मग खिशातून बेअरिंग काढून एकावर चढवलं. लाकडी हातोडीचे तीन हलके ठोके, आणि ते जागेवर जाऊन बसलं. त्याने शाफ्ट उजेडात धरून फिरवला, बैठकीवरून बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

“खांदा बरा झाला म्हणायचा, मास्तर,” तो म्हणाला. “माझा जीव टांगणीला लागला होता. हे तुमचंच काम, मी ओळखतो ना.”

बाबांनी नुसती मान डोलावली तरी पुरे होतं. पंपवाला निश्चिंत झाला असता, काम टिकलं असतं, वर्कशॉप टिकलं असतं. क्षणभर धाकटीलाच वाटलं की त्यांनी डोलवावी. ती बाबांकडे बघत राहिली.

“खांदा अजून चहाचा कप उचलत नाही,” मास्तर म्हणाले. “मी सकाळपासून सुताराकडे आहे, विचार त्याला. तिन्ही तिने केले. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

पंपवाल्याने धाकटीकडे पाहिलं, शाफ्टकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग बाहेर आपल्या गाडीकडे गेला. तो तसाच निघून जातो की काय असं तिला वाटलं, पण तो आणखी दोन शाफ्ट घेऊन परतला. सवयीने ते त्याने मास्तरांसमोर धरले. मास्तरांनी डावा हात खिशात घातला. तेव्हा पंपवाला वळला आणि शाफ्ट त्याने धाकटीच्या हातात दिले.

“कधी मिळतील, ताई?”

“मंगळवारी,” धाकटी म्हणाली.

मास्तरांनी गुरुवार सांगितला असता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शाफ्ट ठेवायला फळीवर जागा करू लागले.